ओटा तोडण्याआधी शेगडी घ्या: ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या फ्लॅटमध्ये नवं किचन बसवताना

वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या इमारती असोत की नौपाडा, वर्तकनगर, कळव्यातल्या तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्या, किचनचं काम फसतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. ट्रॉलीवाला आधी माप नेतो, गवंडी नंतर टाइल लावतो, भिंत पाऊण इंच पुढे सरकते आणि कपाट बसत नाही. शेगडी सगळ्यात शेवटी आणली जाते, तोवर ग्रॅनाइट कापून झालेला असतो. सामान कितीही भारी असलं तरी या दोन चुकांवर इलाज नाही.

खालचा क्रम आठ बाय सात ते दहा बाय आठ फुटांच्या नेहमीच्या किचनसाठी आहे. गवंडीकामाला तीन आठवडे आणि शटर (कपाटांची दारं) आणि ट्रॉली कारखान्यातून यायला आणखी तीन ते चार आठवडे धरा. दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या आत संपवावं. पावसाळ्यात गिलावा वाळत नाही, आणि खाडीलगतच्या हवेत उघडी पडलेली प्लाय कडांना फुगते. "गणपतीआधी देतो" या वायद्यावर तर काम सुरूच करू नका. बाप्पा यायच्या आठ दिवस आधी निम्मे कारागीर गावी निघालेले असतात.

## टप्पा १: माप आणि खरेदी

हा टप्पा घाईत उरकला की पुढचा महिनाभर त्याची किंमत मोजावी लागते.

ओट्याची उंची. रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला घरातल्या चपला घालून उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईसाठी हे माप साधारण ३२ ते ३३ इंच निघतं. कंत्राटदार ३४ सांगेल, कारण त्याला तेच पाठ असतं. पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागत असतील तर ओटा उंच झालाय.

भांडी. सर्वात मोठं पातेलं, पाच लिटरचा कुकर, तेलाचा डबा, पोळपाट, पाट्यासारखी आडवी वस्तू, सगळ्यांची उंची-रुंदी कागदावर लिहा. बाजारात तारेच्या बास्केट ठरावीक मापांत मिळतात: रुंदी १५, १७, १९, २१ इंच, खोली २०, उंची ४, ६, ८. आठ इंची बास्केटमध्ये मोठा कुकर झाकणासकट मावत नाही. त्याला खालचा, वरून मोकळा कप्पा लागतो.

या चार वस्तू आधी घरात आणा: शेगडी, चिमणी, सिंक, नळ. पैसे अडत असतील तर निदान मॉडेल पक्कं करून त्याचा कटिंगचा कागद घेऊन ठेवा. हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) ६० सेंटीमीटरचा म्हणून विकला जातो, पण खालचं कटिंग दर मॉडेलला थोडं वेगळं असतं. पाव इंचाने मोठं कापलं तर हॉबची कड अधांतरी राहते. लहान कापलं तर तुमच्या हॉलमध्ये ग्राइंडर चालतो.

खोली काटकोनात आहे का? कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा गुण्यात आहे. जुन्या इमारतीत तो सहसा नसतो. किती फरक आहे ते आत्ताच लिहून ठेवा. तो गिलाव्यात काढायचा की कपाटाच्या पट्टीत, हे गवंड्याशी बोलून ठरवा.

शेवटी खडू घ्या आणि नवा ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज, वरची कपाटं भिंतीवर आणि जमिनीवर खऱ्या मापात काढा. फ्रिजचं दार पूर्ण उघडतं का, ट्रॉली ओढल्यावर मागे उभं राहायला जागा उरते का, हे कॉम्प्युटरवरच्या रंगीत चित्रात कळत नाही.

> तपासा: सिंक आणि शेगडीत किमान दोन फूट ओटा मोकळा हवा. भाजी चिरायला, पोळ्या लाटायला, कढई उतरवायला हीच जागा.

## टप्पा २: परवानगी, भिंती आणि गॅस

सोसायटीला लेखी अर्ज द्या. कामाचे तास, लिफ्टमधून माल नेण्याचा नियम आणि अनामत रक्कम लेखी घ्या.

भिंत पाडायची असेल तर सोसायटीच्या 'हो' वर थांबू नका. सिडकोने बांधलेल्या काही जुन्या इमारतींत आणि बैठ्या घरांत भिंतीच भार घेतात, तिथे खांब-तुळया नसतात. नऊ इंची भिंत म्हणजे भार घेणारी, असं धरून चालावं आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय तिला हात लावू नये. किचन आणि हॉलमधली साडेचार इंची भिंतसुद्धा आधी दाखवून घ्या. सिंक किंवा मोरी सरकवायची असेल तर खालच्या मजल्यावर त्या जागी काय आहे ते विचारा. शेजाऱ्याच्या बेडरूमवर तुमची मोरी गेली की तंटा कायमचा.

पाइप गॅस असेल तर मीटर किंवा पाइप हलवण्याचा अर्ज महानगर गॅसकडे तोडफोडीच्या बऱ्याच आधी करा. माणूस कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

> सावध: गॅसचा पाइप टाइलच्या आत किंवा बंद कपाटात गाडू नका. "दिसायला वाईट दिसतो" म्हणून प्लंबर तो झाकून द्यायला तयार होतो. त्याला नाही म्हणा. मीटर कपाटात येणारच असेल तर त्या शटरला वरखाली हवेची जाळी हवी, आणि बंद करायची चावी हात घालताच सापडली पाहिजे.

## टप्पा ३: तोडफोड

आधी पाण्याचा कॉक, किचनची एमसीबी (जास्त भार येताच आपोआप पडणारा स्विच) आणि गॅस बंद करा. मगच हातोडा. हॉलच्या दाराला प्लास्टिक लावा. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या निचऱ्याच्या) तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबा. तोडलेल्या टाइलचा तुकडा ड्रेनेजमध्ये गेला तर पूर्ण लाइन तुंबते आणि खालचे चार मजले तुमच्या दारात येतात.

जुना गिलावा ठोकून बघा. पोकळ वाजेल तेवढा काढा. टाइल फक्त वरवर तासून नवी चिकटवण्याचा मोह टाळा, निदान सिंकच्या मागच्या भिंतीवर तरी. ओल तिथेच लपलेली असते.

डेब्रिजच्या गोण्या अर्ध्याच भरा, नाहीतर लिफ्टच्या दारात फाटतात. टेम्पोवाल्याला पैसे देण्याआधी माल कुठे टाकणार ते विचारा. खाडीकाठी, खारफुटीत हे राबिट (तोडफोडीचा मलबा) ओतणं गुन्हा आहे. महापालिकेने नेमलेल्या जागीच ते जायला हवं.

## टप्पा ४: लेव्हल रेघ, मग झिऱ्या (पाइप-वायरसाठी भिंतीतल्या खाचा)

पाण्याच्या नळीने किंवा लेसरने चारही भिंतींवर एक रेघ मारून घ्या: तयार फरशीपासून बरोबर एक मीटरवर. आजची उखडलेली जमीन धरायची नाही. नवी फरशी जिथे येणार तिथून मोजायचं. पुढची सगळी मापं याच रेघेवरून. ही रेघ नसली की प्लंबर एका जमिनीपासून मोजतो, इलेक्ट्रिशियन दुसऱ्या, आणि स्विचबोर्ड अर्धा डॅडोत (ओट्यावरच्या भिंतीच्या टाइलमध्ये), अर्धा रंगात येतो.

पाणी. गरम-थंड दोन्हीला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप). सिंकचा निचरा किमान दोन इंची, दर चार फुटांना एक इंच उतार. निचऱ्याची उंची बहुतेक ठिकाणी चुकते, म्हणून गणित करून पाहा: ओटा ३३ इंच, सिंक ९ इंच खोल, दगडाची जाडी पाऊण इंच. सिंकचा तळ २३ इंचांवर आला. खाली कपलिंग आणि बॉटल ट्रॅपला सात-आठ इंच लागतात. म्हणजे भिंतीतलं तोंड १५ इंचांच्या वर नको. १८ वर ठेवलं की निचऱ्याच्या नळीला उलटा उतार येतो, तिच्यात पाणी साचून राहतं आणि मग वर्षभर "लाइन चोकअप" म्हणून माणूस बोलावला जातो.

वीज. विजेच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते आधी बघा. मिक्सर, आरओ, चिमणी आणि शेगडीच्या स्पार्कला ६ अँपिअरचे पॉइंट पुरतात. मायक्रोवेव्ह, ओव्हन, इंडक्शन, डिशवॉशर, गिझर यांना १६ अँपिअरचे. ओव्हन, इंडक्शन आणि गिझर यांना मुख्य डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य बॉक्सपासून) प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि २० अँपिअरची एमसीबी घ्या. एका वायरवर इंडक्शन आणि गिझर टाकले की सकाळी दोन्ही लावताच ट्रिप होतं. डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हीच वेळ.

विसरले जाणारे पॉइंट तीन: हॉबच्या खाली कपाटाच्या आत एक, सिंकखाली आरओसाठी एक, आणि चिमणीचा. चिमणीचा पॉइंट मध्यावर घेतला तर नेमका डक्टच्या मागे जातो. मध्यापासून सहा इंच बाजूला घ्या.

चिमणीचं भोक आत्ताच, सहा इंची डक्टच्या मापाने, कोअर कटरने. तुळईत किंवा खांबात कदापि नाही. बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. डक्टला दोनपेक्षा जास्त वळणं झाली की भारी चिमणीसुद्धा नुसता आवाज करते.

> तपासा: झिऱ्या बुजवण्याआधी सगळी पाण्याची तोंडं प्लगने बंद करून हातपंपाने ६-७ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब द्या आणि तासभर काटा हलतो का बघा. सीपीव्हीसीचा शेवटचा सांधा जोडून एक दिवस झालेला असू द्या. मग प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, फोटो काढा. वरची कपाटं लटकवायला ड्रिल आला की हा फोटोच पाइप वाचवतो.

## टप्पा ५: गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी

गिलाव्याला सात दिवस पाणी मारा. गवंडी तिसऱ्या दिवशी टाइल लावायला येईल. त्याला परत पाठवा.

वॉटरप्रूफिंग पूर्ण किचनला लागत नाही. मोरी, ड्राय बाल्कनी आणि सिंकखालचा भाग पुरे. पॉलिमर कोटिंगचे दोन थर, पहिल्याला आडवा ब्रश, दुसऱ्याला उभा, भिंतीवर एक फूट वर चढवून. कोपऱ्यात आणि पाइपभोवती आधी गोलाई काढून घ्या, कारण गळतं तिथूनच. मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवा. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत स्वतः बघा. कंत्राटदाराच्या "काय नाय होत साहेब" वर विसंबू नका.

फरशीला व्हिट्रिफाइड घेत असाल तर सिमेंटच्या मालावर लावू नका. ही टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंट तिला धरत नाही आणि वर्षभरात पोकळ वाजू लागते. टाइलचा अॅडहेसिव्ह, दातेरी थापीने पसरून. जुन्या फरशीवरच नवी टाकत असाल तर अर्धा-पाऊण इंच उंची वाढेल. दार खालून कापावं लागेल आणि हॉलशी पायरी होईल. टाइल मापापेक्षा दहा टक्के जास्त, एकाच बॅचची घ्या. खोक्यावरचा शेड नंबर जुळवा. उरलेल्या चार टाइल माळ्यावर ठेवा.

फरशी ओट्याखालीसुद्धा भिंतीपर्यंत न्यावी. "ट्रॉली येणार, दिसणार नाही" म्हणून तिथे नुसतं सिमेंट सोडलं की झुरळांची सोय होते.

## टप्पा ६: ओटा

इथे रस्ते दोन. एक, कडप्प्याचे उभे पाय उभारून त्यावर ग्रॅनाइट, आणि ट्रॉली नंतर आत. दुसरा, आधी तयार कपाटं आणि त्यांच्यावर दगड. दुसरा प्रकार दिसायला नेटका आणि आत जागाही जास्त, पण कपाटं येईपर्यंत घरात ओटाच नसतो. ज्यांना दुसरं घर नाही, म्हाताऱ्यांचं पथ्यपाणी आहे, मुलांचे डबे आहेत, त्यांनी कडप्प्याचाच ओटा करावा. चौथ्या दिवशी साधी शेगडी ठेवून चहा होतो. शटर महिन्याने आली तरी बिघडत नाही.

कडप्प्याच्या दोन पायांमधलं अंतर ठरवताना बास्केटपासून उलट मोजा. कडप्प्यात स्क्रू धरत नाही, म्हणून सुतार आतून दोन्ही बाजूंना १८ एमएमची प्लाय पट्टी लावतो. १७ इंची बास्केट, चॅनेलसाठी (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांसाठी) दोन्ही बाजू मिळून एक इंच, प्लायसाठी जवळपास दीड इंच: एकूण साडेएकोणीस इंच मोकळे. गवंड्याने अंदाजाने १८ सोडले तर १५ ची बास्केट घ्यावी लागते, आणि प्रत्येक कप्प्यात दोन-दोन इंच वाया जातात. प्रत्येक पाय ओळंब्यात आणि समोरून-मागून सारख्याच अंतरावर आहे का ते टेपने बघा. मागे अर्धा इंच अरुंद झाला तर ट्रॉली निम्म्यात अडकते.

ग्रॅनाइट १८ ते २० एमएम, खोली २४ इंच, पुढची कड कडप्प्यापेक्षा दीड-दोन इंच बाहेर. कडेच्या खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे सांडलेलं पाणी शटरवर न ओघळता तिथेच थेंब होऊन पडतं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. ओट्याला सिंककडे अगदी हलकी धार असू द्या. पाणसळ ठेवून बुडबुडा बघा. भिंतीकडे धार झाली तर पाणी कायम टाइलच्या सांध्यात मुरतं.

हॉबचं कटिंग. पुढे आणि मागे किमान दोन इंच दगड राहिला पाहिजे. कटिंगचे चारही कोपरे किंचित गोल करून घ्या. टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते आणि पुढच्या पातळ पट्टीतून आरपार जाते, बहुतेकदा मोठं पातेलं आपटल्यावर. कडप्प्याचा पाय कटिंगच्या खाली येणार नाही हे आधीच बघा.

सिंक खालून लावणार असाल तर फक्त सिलिकॉनवर टांगू नका. २४ बाय १८ चं, नऊ इंच खोल सिंक भरलं की आत पन्नास लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे पन्नास किलो. खाली कडप्प्याच्या पट्ट्यांचा आधार हवाच.

> तपासा: सिंक तोंडोतोंड भरा, बोळा काढा, पाणी पूर्ण जाईपर्यंत खाली टॉर्च मारून बघा. मग कोरडा टिश्यू प्रत्येक सांध्यावर फिरवा.

## टप्पा ७: डॅडो आणि रंग

ओट्यापासून वरच्या कपाटांपर्यंत २२ ते २४ इंच, आणि चिमणीच्या मागे छतापर्यंत. ओट्याखाली साधी पांढरी टाइल पुरते. शेगडीमागच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा; फोडणीचा पिवळा डाग सिमेंटच्या ग्राउटमधून जात नाही. ओटा आणि टाइल जिथे भेटतात तो सांधा मात्र सिलिकॉनने. रंगाचे दोन हात आत्ता, शेवटचा हात कपाटं बसल्यावर.

## टप्पा ८: शेवटचं माप आणि ट्रॉली

आता ट्रॉलीवाल्याला बोलवा. आधी दिलेलं माप फक्त दराच्या अंदाजासाठी होतं, हे त्यालाही स्पष्ट सांगा. पक्कं माप टाइल लागल्यावर, तुमच्यासमोर, प्रत्येक कप्प्याचं तीन जागी: वर, मध्ये, खाली. त्यातलं सर्वात लहान धरायचं.

प्लाय घेताना शिक्का वाचा. सिंकखाली आणि खालच्या सगळ्या कपाटांना आयएस ७१० ची बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारी). वरच्या कपाटांना आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर (तिच्याहून थोडी कमी पाणी सोसणारी) चालते. कापण्याआधी अख्खा ताव बघा; कापल्यावर शिक्का नेमका वाया गेलेल्या तुकड्यावर असतो. कापलेल्या प्रत्येक कडेला एज बँड (चिकटवायची पट्टी) हवी, न दिसणाऱ्या मागच्या कडांनाही.

स्टीलच्या बास्केटला दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटला नाही की "३०४ आहे" (चांगल्या, न गंजणाऱ्या स्टीलची ग्रेड) म्हणतो. २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि ते सिंकजवळच्या ओलीत लवकर गंजतं. बिलावर ३०४ लिहून घ्या.

वरची कपाटं साडेचार इंची भिंतीवर टांगताना जुन्या भुसभुशीत गिलाव्यावर विसंबू नका. फास्टनर विटेत शिरला पाहिजे आणि भार आडव्या पट्टीवर वाटला गेला पाहिजे. कांदे-बटाटे, पिठाचे डबे वर ठेवायचे नाहीत असं ठरवता येतं, पण पाळलं जात नाही. खोली १२-१३ इंचच ठेवा, नाहीतर ओट्यावर वाकताना कपाळ आपटतं.

## टप्पा ९: चिमणी, गॅस, हिशेब

चिमणी हॉबपासून २६ ते ३० इंचांवर. हॉब एलपीजीचा असेल आणि घरात पाइप गॅस, तर नोझल बदलून घ्या. जुन्या नोझलवर ज्योत केविलवाणी जळते आणि लोक नव्या हॉबलाच दोष देतात. सिलिंडर असेल तर सुरक्षा होज दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि ती कपाटाच्या धारदार भोकातून घासत जाता कामा नये. साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड बघा. काडी पेटवून बघायचं नाही.

पैसे टप्प्याने द्या: गवंड्याला दाबाची आणि पाण्याची तपासणी पास झाल्यावर पुढचा हप्ता, ट्रॉलीवाल्याला माल घरात आल्यावर. दोघांचेही दहा टक्के महिनाभर हातात ठेवा. बास्केटमध्ये खरी भांडी भरल्यावर बिजागऱ्या थोड्या उतरतात, शटर एकमेकांना घासू लागतात, आणि ते सारखं करायला सुतार उरलेल्या दहा टक्क्यांसाठीच परत येतो.